वास नसलेला गॅस

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर नजीरभाई वेल्डरांच्या हातापेक्षा त्यांच्या नाकाचा बोलबाला जास्त. कुणाच्या घरी सिलिंडर गळतोय अशी शंका आली, की आधी नजीरभाईंना हाक. ते येत, रेग्युलेटरशी वाकत, एकदा हुंगत आणि निकाल देत. त्या नाकाला खोटं ठरवायची कुणाची टाप नव्हती.

आणि अशा माणसाच्या लेकीनं, सफानं, नोकरी धरली ती वास नसलेल्या गॅसच्या कारखान्यात! गावाबाहेर नवा प्रकल्प निघाला होता. उन्हाच्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा आणि शेजारच्या लोखंडाच्या भट्टीत दगडी कोळशाऐवजी तो जाळायचा. धूर नाही, काजळी नाही. जळून उरते ती पाण्याची वाफ. भट्टीच्या धुरानं खोकणाऱ्या वस्तीला याहून काय हवं? पण नजीरभाईंच्या जिवाला मात्र घोर लागला.

"वासच नाई त माणसाले पत्ता कसा लागन, बेटा?" ते विचारत.

"मशीन सांगते, अब्बा. काऊन इतके भेता?"

"अन् मशीन बिघडली त?"

सफा हसायची. तिचं ते हसणंच त्यांना जास्त घाबरवायचं. बायको, शकीला, वैतागून म्हणे, "पोरगी डिप्लोमा शिकली ते काय घरात बसाले?" नजीरभाई मान डोलवत. पण रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स नुसती गेली तरी त्यांच्या हातातलं काम गळून पडे.

शेवटी त्यांनी ठरवलं, पोरीला घरी आणायचं. मग ती रुसो की रडो. भर दुपारी ते प्रकल्पावर गेले. फाटकावरचा चौकीदार सहदेव ओळखीचा. त्यानं काडेपेटी, मोबाइल काढून ठेवायला लावले आणि आत घेतलं. ते आत पाऊल टाकतात न टाकतात तोच भोंगा वाजला. माणसं बाहेर पळू लागली, आणि सफा तेवढी पाइपांकडे जाताना दिसली.

बापाचं काळीज ते. सहदेवचा हात झटकून नजीरभाई तिच्याही पुढं धावले. एका जोडातून फुसफुस ऐकू येत होती. जाळ नाही, धूर नाही. जन्माची खोड कुठं जाते? ते वाकले आणि त्यांनी नाक पुढं केलं.

"अब्बा, मांगं!"

सफानं कॉलर धरून त्यांना खेचलं. तिच्या दुसऱ्या हातात झाडलोटीचा, शिंदीचा फडा होता. तो तिनं जोडापुढं धरला, आणि रिकाम्या दिसणाऱ्या हवेत फड्यानं भडका घेतला. नजीरभाईंचं तोंड जिथं जाणार होतं, नेमका तिथंच.

"याची आग उन्हात दिसत नाई," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणून फडा पुढं धरूनच जातो आम्ही." मग तिनं लांबचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. फुसफुस थांबली.

घरी चाल म्हणायला नजीरभाई आले होते. सफानंच त्यांना धरून फाटकापर्यंत आणलं. "सहदेवकाका, अब्बाले ऑटोत बसवून द्या," ती म्हणाली. "अन् पुन्हा आत सोडू नका." आणि ती माघारी पाइपांकडे गेली.

दारात शकीला वाटच पाहत होती. "पोरगी कुठी हाये?"

"कामावर," नजीरभाई म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले.