आमचं एनए डिपार्टमेंट

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम करत नाही, ते साठतात. पॅन्ट्रीच्या सिंकमध्ये कप साठतात तसे. सकाळी एक, मग दोन, आणि संध्याकाळी बघावं तर नळाखाली हात घालायला जागा नाही! कप मी रोज विसळते. किस्से तसेच राहिलेत. आज थोडे विसळून काढते.

ऑफिस बेंगळुरात, इंदिरानगरात, आणि काम मोजणीचं. दुकानांतून, दवाखान्यांतून लोकांनी भरलेले फॉर्म येतात, आणि इथली मुलं कॉम्प्युटरला सांगतात, मोज. किती बायका, किती पुरुष. बायकांतल्या खूश किती, पुरुषांतले खूश किती. उभ्या रांगा, आडव्या रांगा, मधल्या घरांत आकडे. त्याला क्रॉसटॅब म्हणतात. मी त्यांचा चहा करते. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर. आमची अन्वी साडेतीन वर्षांची. ती दिवसभर माझ्याच ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीत, गिरिजाक्कांच्या ताब्यात. निपाणीहून आलो तेव्हा या खोलीकडे बघूनच मी नोकरी धरली. खोली गेली की नोकरी गेली, पोरीला ठेवणार कुठं?

आणि यंदा आमच्या वसुधा मॅडमनी जाहीर केलं, "त्या खोलीचा रिव्ह्यू करू. आकडे बघू. कोणी वापरत नसेल तर टेबल टेनिस लावू."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. पुढचं सगळं त्या टांगलेल्या जिवानंच बघितलंय.

*

मोजणीत सगळ्यात हुशार निखिलसर. पुण्याचे, वय पंचवीस, चहा दिवसाला सहा. एकदा त्यांनी मला क्रॉसटॅब समजावून सांगितला. "ताई, समजा, उभे लिहिले मजले. आडवं लिहिलं चहा, कॉफी, बिनसाखरेचा. मग प्रत्येक घरात किती कप ते."

मी त्यांना फ्रिजजवळ नेलं. दारावर मी खडूनं हेच रोज मांडते. मजल्यांच्या रांगा, चहाकॉफीचे रकाने, आत रेघा.

निखिलसर बघतच राहिले. "ताई, तुम्ही तर क्रॉसटॅब करता!"

"नाही हो सर, मी चहाच करते."

त्यांनी फोटो काढला आणि पंधरा दिवस खपून त्याचा प्रोग्रॅम केला. आता चहा हवा असेल तर प्रत्येकानं फोनवर फॉर्म भरायचा. फॉर्म भरून मोजून माझ्यापर्यंत येईस्तोवर चहावर साय धरायची! महिनाभरानं निखिलसर हळूच पॅन्ट्रीत आले आणि म्हणाले, "ताई, तो खडू आहे का अजून?"

*

पण त्या महिन्याभरातल्या आकड्यांनी एक भानगड केलीच.

कुठल्या मजल्यावर ट्रे किती वेळा नेला, तेही मला त्यात भरावं लागायचं. आकडे सांगत होते की सगळ्यात जास्त चहाच्या फेऱ्या दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच्या दुप्पट! मॅडम काळजीत पडल्या. नागपूरच्या आहेत, काळजीत पडल्या की गावाकडचं बोलतात. "हे लोक इतका चहा काऊन पिऊन राहिले? स्ट्रेस आहे का?"

दुसऱ्या मजल्यावर पोस्टर लागले. चहा कमी, पाणी जास्त. योगासनांच्या बाई बोलावल्या. तिथली कॉम्प्युटरवाली मुलं बिचारी शपथेवर सांगत होती, आम्ही मागवतच नाही, ताईच आणून ठेवतात!

आता काय सांगू? दुसऱ्या मजल्यावर अन्वी आहे. रडली का, पडली का, खडू गिळला का, मला अर्ध्या तासाच्या वर दम निघत नाही. आणि रिकामा ट्रे घेऊन वर कसं जायचं?

गिरिजाक्का सगळं जाणून. मला दारात बघितलं की म्हणायच्या, "अय्यो सुवर्णा, स्वल्प दम खा गं! पोरगी खेळतीय. तुझ्या प्रेमापायी सगळा मजला योगाला लागला!"

*

मग दहीभाताचं प्रकरण. एका आठवड्यात ऑफिसात दहा जण तापानं पडले. मॅडमनी क्रॉसटॅब मागवला. आजारी पडलेल्या दहांतले नऊ पॅन्ट्रीचा दहीभात खाणारे! झालं, दहीभात बंद. भात करणारी मी, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी चहा देताना निखिलसरांना विचारलं, "सर, आजारी पडले नाहीत त्यांतले किती खातात?"

त्यांनी बटणं दाबली. पुन्हा एकदा दाबली. मग म्हणाले, "दहातले नऊच."

"म्हणजे सगळेच खातात की!"

निखिलसर धावत मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "पण बंदची नोटीस तर निघून गेली. आता माघार कशी घ्यायची?"

सोमवारपासून तोच दहीभात डाळिंबाचे चार दाणे टाकून नव्या नावानं सुरू झाला. तापाचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

*

त्यानंतर खूश-नाखूशचा सर्व्हे. मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "नाव लिहायचं नाही. कोणाचं काय मत, हे देवालाही कळणार नाही. मोकळेपणानं लिहा."

पडद्यावर टेबल लागलं तेव्हा मी बिस्किटं वाटत होते. मजला, बाई की पुरुष, वय, खूश की नाखूश. निखिलसर एकेक घर वाचत खाली आले. "तिसरा मजला, स्त्री, पन्नाशीच्या पुढे, कंपनीवर अतिशय नाखूश... एक."

तिसऱ्या मजल्यावर पन्नाशी ओलांडलेली बाई एकच. ती समोर पहिल्या खुर्चीत बसलेली.

मॅडम म्हणाल्या, "हा डेटा चुकीचा आहे."

आणि निखिलसर, अजून लग्न झालेलं नाही बघा, पटकन म्हणाले, "नाही मॅडम, तीनदा मोजलाय!"

*

आता खोलीचं.

रिव्ह्यूच्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर आमच्या खोलीचं टेबल. उभी डिपार्टमेंटं, आडवे वार. आणि मधे काय? शून्य, शून्य, शून्य, कुठं एखादा एक. मॅडम म्हणाल्या, "बघा, कोणीच वापरत नाही. टेबल टेनिस."

मी ट्रे टेबलावर ठेवला. तोंडातून निघून गेलं, "मॅडम, रोज आठ पेले दूध मी वर नेते. मग ते पितं कोण?"

 निखिलसरांनी खोलीचं रजिस्टर उघडलं. मुलाचं नाव, आणि पुढं आईबापाचा कर्मचारी नंबर. आता आम्ही पॅन्ट्रीवाले, सफाईवाले, वॉचमन, सगळे कंत्राटातले. गळ्यात कार्ड आहे, कार्डावर फोटो आहे, नंबर नाही. म्हणून गिरिजाक्का तो रकाना रिकामा सोडायच्या. आणि त्या प्रोग्रॅमची रीत अशी, की रिकामं दिसलं की मोजायचंच नाही. विचारायचंही नाही, सांगायचंही नाही, सरळ सोडून द्यायचं! माझी शाळा सातवीपर्यंतच, पण आमच्या गुरुजींचा तर पहिला प्रश्नच 'रिकाम्या जागा भरा' असायचा.

निखिलसरांनी प्रोग्रॅममध्ये एक शब्द वाढवला. टेबलाच्या तळाला नवी रांग उगवली. नाव एनए, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार सात. बुधवारी अन्वीला सर्दी होती.

टेबल तसंच मुंबईच्या मोठ्या ऑफिसला गेलं. तिसऱ्या दिवशी तिकडून मेल. खोली सगळ्यात जास्त वापरणाऱ्या एनए डिपार्टमेंटच्या प्रमुखांनी शुक्रवारी अकराच्या मीटिंगला हजर राहावं, मग निर्णय होईल.

असं डिपार्टमेंटच नाही, हे मुंबईला सांगायचं तर आपली माणसं आपण मोजलीच नव्हती, हेही सांगावं लागणार.  शुक्रवारी पॅन्ट्रीत आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुवर्णा, जरा मीटिंगमध्ये येऊन बसा."

गिरिजाक्कांनी माझा पदर नीट केला. "जा गं. पोरीकडे मी बघते. सरी? ठीक?"

मोठ्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसले. खुर्ची गोल फिरते, म्हणून दोन्ही पाय जमिनीला घट्ट लावून बसले. पडद्यावर मुंबईचे मोठे सर. त्यांनी विचारलं, "एनएच्या हेड आपणच? खोली बंद केली तर तुमच्या डिपार्टमेंटच्या कामावर नेमका काय परिणाम होईल?"

 डोळ्यांपुढं नुसती अन्वी. एक शब्द फुटेना. मिनिट गेलं, दुसरं गेलं. अकरा वाजून दहा झाले. सगळे एकेक करून दाराकडे बघायला लागले.

मॅडम वैतागून म्हणाल्या, "आज चहा काऊन नाही आला अजून?"

निखिलसर म्हणाले, "मॅडम, चहा मीटिंगला बसलाय."

पडद्यावरचे सर हसले, "परिणाम कळला. खोली राहू दे." मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि लॅपटॉप मिटला.

"खोलीचा विषय संपला. सुवर्णा, माझा बिनसाखरेचा."