बाजेखालची शेगडी

मंडळी, घाटंजीच्या दवाखान्यातल्या बाकावरून लिहितेय.

दुपारी शिकवणीत कोळशाच्या ज्वलनाचं समीकरण संतुलित करायला दिलं होतं. सगळ्यांनी कार्बन डायऑक्साइड लिहिला. दहावीतल्या पूनमनं मात्र 2C + O₂ → 2CO लिहिलं. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू! मी चिडून लाल पेनानं खोडलं.

"काहून वं, ऑक्सिजन कमी काहून घेतला?"

"मॅडम, खोली बंद राहते ना. ताई बाळंत झाली, तर बाजेखाली शेगडी हाय. हवा लागू नये म्हणून आजीनं फटीतही चिंध्या कोंबल्या."

मी पुन्हा वहीत पाहिलं. दोन्हीकडचे अणू बरोबर जुळत होते.

"ताई कशी आहे?"

"सकाळपासून डोकं दुखून राह्यलं तिचं. बाळ तर रडतच नाही. आजी म्हणते, लय गुणाचं हाय."

पूनमला गाडीवर बसवून थेट त्यांचं घर गाठलं. दार सताड उघडलं, शेगडी अंगणात काढली, मायलेकराला ऑटोनं इथं आणलं. दोघांना ऑक्सिजन लावलाय. ताई आता बोलतेय. बाळ अजून रडलेलं नाही.

तुमच्या घरी बाजेखाली शेगडी असेल, तर वाचणं थांबवा. आधी दार उघडा.

आज रडलं का तुमचं बाळ?