मसावेसाहेबांचं सातवं कलम

१९७५ साली मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. चंडीगडच्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. शिक्षण मिरजेला चौथीपर्यंत, पुढचं सगळं अंबाल्याच्या लष्करी वर्कशॉपात, बोटं भाजून घेत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की चौथी शिकलेल्या माणसानं देशाच्या धोरणाबद्दल कशाला बोलावं. मी बोलणार.

त्या जुलैत मसावेसाहेब आमच्याकडं आले. टांझानियाचे. उंच, काळेभोर, डोक्यावर पांढरे केस नुकते डोकावायला लागलेले. पदवी डॉक्टरेटची, पण खिशाला पेनाशेजारी एक बारका स्क्रू ड्रायव्हर लावलेला. नवं यंत्र दिसलं की आमचे साहेब लोक विचारायचे, "कहाँ की बनी है?" मसावेसाहेब यंत्राभोवती एक फेरी मारायचे, हात पाठीमागं बांधायचे आणि विचारायचे, "इसको खोला किसने है?" नऊ महिन्यांत हा प्रश्न मी शंभरदा ऐकला असेल. लेथपाशी, तराजूपाशी, एकदा तर पिंजौरच्या बाजारात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या सरदारजीपाशी. तिथं मात्र सरदारजी छाती ठोकून म्हणाला, "मैंने, होर किसने?" साहेब इतके खूश झाले की त्याच्या दुकानात जमिनीवर बसून तासभर चहा पीत राहिले. मी परतीच्या दोन बसा सोडल्या.

त्यांची हिंदी गावच्या कच्छी दुकानदाराकडून उचललेली, माझी फौजेतून. दोघांची सारखीच मोडकी, त्यामुळं आमचं जमलं. मला ते 'फुंडी' म्हणायचे. त्यांच्या भाषेत कारागिराला फुंडी म्हणतात, आणि म्हणताना ते मान किंचित खाली करायचे. आमच्या संस्थेत माझ्यासाठी कुणी मान खाली केलेली मला आठवत नाही.

त्यांच्या सरकारनं त्यांना एका कामासाठी पाठवलं होतं. आपल्यासारखाच नुकता स्वतंत्र झालेला देश, त्यात संशोधन कसं चालवायचं, पैसा आणि माणसं कुठं लावायची, याचा मसुदा लिहायचा. इथली पद्धत बघायची आणि जाताना मसुदा घेऊनच जायचं. आमच्या उपसंचालकांनी, भल्लासाहेबांनी, त्यांना खोली दिली, पंखा दिला आणि फायलींचा ढीग दिला. चार दिवसांत ते वर्कशॉपात येऊन स्टुलावर बसले. "वहाँ सब कागज़ है, फुंडी. काम किधर है?"

त्यांना घरी आणलं तेव्हा माझ्या बायकोला, शालनला, त्यांच्या आडनावाचीच गंमत वाटली. "साळवे, वाळवे, मसावे. आपल्यातलेच की!" त्या दिवसापासून ते मसावे भावजी झाले. चंडीगडात ज्वारी मिळायची नाही, म्हणून ती मक्याच्या भाकरी करायची. भावजींनी तिला त्याच पिठाची घट्ट उकड करायला शिकवली, आणि पिठल्याबरोबर ती हातानं खाताना म्हणाले, "भाभी, अब मैं घर पहुँच गया."

आता त्या यंत्राची गोष्ट. प्रकाशाची मोजणी करणारं एक परदेशी यंत्र संस्थेत आलं होतं, मसावेसाहेबांच्या आधी पाच-सहा महिने. आलं त्या दिवशी मीच पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या. पंधरा दिवस ते नीट चाललं आणि बंद पडलं. झाकणाला कंपनीचं शिशाचं सील होतं. सील तोडलं की कंपनीची जबाबदारी संपली, आणि तोडणाऱ्याची नोकरीही. कंपनीचा माणूस येणार, येणार, म्हणून वर कापड घालून ठेवलं. खंडेनवमीला मी पुन्हा पूजा केली. आमचे पंजाबी सोबती दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा करतात, त्यांनीही केली. मसावेसाहेब दोन्ही वेळा हजर. दुसऱ्या वेळी झेंडूच्या माळेकडं बघून म्हणाले, "हमारे यहाँ भी ऐसी मशीनें बहुत हैं. बस, फूल नहीं चढ़ाते."

सगळे हसले. मी नाही हसलो. मग त्यांनी नेहमीचं विचारलं, "इसको खोला किसने है?"

"परवानगी नहीं है."

"परवानगी नहीं है, कि आता नहीं?"

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्यांनी कागद आणून मला सातवं कलम वाचून दाखवलं, इंग्रजीतून हिंदी करत, अडखळत. जे यंत्र उघडायची मुभा आपल्या माणसाला नाही, ते देशानं विकत घ्यायचं नाही. आणि यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत एक खुर्ची त्या उघडणाऱ्या माणसाची. पगार कमी असला तरी, इंग्रजी येत नसलं तरी.

मला आजवर समितीच्या खोलीत बोलावलं होतं ते बल्ब बदलायला. मी विचारलं, "ये आपका सरकार मानेगा?"

"नहीं मानेगा," ते म्हणाले. "इसलिए तो लिखा है."

मार्चमध्ये त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीचे एक अधिकारी मसुदा घ्यायला आले. बैठकीत मी होतो, स्लाइडचं मशीन चालवायला. भल्लासाहेब सातव्या कलमावर थांबले आणि हसून म्हणाले, "ये तो मैकेनिक की पॉलिसी हो गई." वकिलातीच्या माणसानं मसावेसाहेबांना इंग्रजीत विचारलं, ऐकून ऐकून तेवढं मला कळायचं, की तुमच्या यजमानांकडं तरी असं चालतं का? इथं एखादं सीलबंद यंत्र इथल्याच माणसानं उघडलंय? एक उदाहरण सांगा.

मसावेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आणीबाणीचे दिवस होते, वर मान करून बोलायची सोय नव्हती. ते खरं, पण सबब म्हणून सांगत नाही. मी स्लाइडच्या डब्यात बघत बसलो.

"नाही," मसावेसाहेब म्हणाले. खोटं त्यांना जमायचं नाही.

"उद्या दहाला मी कागद घेऊन निघणार. तोवर उदाहरण नसेल तर हे कलम काढा."

"मी काढणार नाही."

"मग मी काढीन."

त्या संध्याकाळी निरोपाचं जेवण आमच्या क्वार्टरमध्ये होतं. भावजी जेवले, पण उकड ताटात राहिली. शालननं विचारलं, तर म्हणाले, "भाभी, घर जाके क्या बोलूँगा? इंडिया में भी मशीन को सब नमस्ते करते हैं. हाथ कोई नहीं लगाता."

मी म्हणालो, "साहेब, मेरे बाल-बच्चे हैं."

"मेरे भी हैं. चार." मग दारात चपला घालताना म्हणाले, "कल दस बजे आऊँगा. तुम्हारी मशीन को आखिरी नमस्ते करने."

ते गेल्यावर शालन भांडी आवरत म्हणाली, "जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीत. माझं नाही, माझ्या बापाचं नाही. मग त्या भल्लाचंच का ऐकताय?"

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मला मेमो मिळाला. त्याचं उत्तर मी मुद्दाम मराठीत लिहिलं. ते वाचून घ्यायला त्यांना दवाखान्यातल्या एका मराठी डॉक्टरणीला शोधत जावं लागलं. बढतीच्या यादीतून दोनदा माझं नाव गेलं. मेकॅनिक म्हणून लागलो, मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झालो. खंत असेल तर ती त्या यादीनं करावी.

दोन वर्षांनी मसावेसाहेबांचं पत्र आलं, रोमन अक्षरांत हिंदी. त्यांच्या सरकारनं कलम अर्धं ठेवलं. यंत्र उघडायचा हक्क राहिला, फुंडीची खुर्ची गेली. 'आधा मिला है. आधे के लिए लड़ रहा हूँ.' १९८२ साली त्यांच्या मुलाचं पत्र आलं. साहेब तापानं गेले. शेवटच्या महिन्यातही मंत्रालयात जाऊन खुर्चीसाठी भांडून आले होते, असं त्यात होतं. शालननं त्या दिवशी मक्याची उकड केली, आणि आम्ही दोघांनी खाल्ली. त्यांच्या देशात फुंडीला खुर्ची मिळाली का, मला माहीत नाही. आपल्याकडं मिळालेली नाही, हे मात्र चांगलं माहीत आहे.

त्या निरोपाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चौकीदाराकडून किल्ली घेतली. यंत्रावरचं कापड काढलं, वाळलेली माळ काढली आणि पकडीनं सील कापलं. झाकण उचललं. आत, जाळीच्या खाली, कुंकू लागलेले तांदळाचे दाणे होते. माझ्याच अक्षता. फटीतून आत पडलेल्या. त्यांच्या वासानं उंदीर शिरला होता आणि दाण्यांबरोबर त्यानं दोन तारा कुरतडल्या होत्या. चौदा महिने कंपनीच्या माणसाची वाट बघत होतो, आणि गुन्हेगार मी.

दाणे झटकून टाकता आले असते. कुणाला कळलं नसतं. मी ते कागदाच्या पुडीत बांधले. तारा जोडल्या, कथलाचा डाग दिला, यंत्र चालू केलं. काटा थरथरला आणि जागेवर येऊन थांबला. मग रजिस्टर उघडून लिहिलं: सील मी तोडलं. बिघाड उंदरानं केला. उंदीर माझ्या अक्षतांमुळं आला. खाली पूर्ण नाव, महादेव रामचंद्र पवार, आणि पुडी त्या पानाला टाचली.

दहा वाजता ते आले. मसावेसाहेब, वकिलातीचे अधिकारी, मागं भल्लासाहेब. यंत्राचा दिवा पेटलेला बघून भल्लासाहेबांचा चेहरा उतरला. मसावेसाहेबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. रजिस्टरवर वाकले, पुडी बोटानं दाबून पाहिली. मग हात पाठीमागं बांधले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं,

"इसको खोला किसने है?"

मी स्टुलावरून उठलो नाही.

"मैंने," म्हणालो.