डब्यात काय आज?

हसणार नसाल तर सांगते. हसालच म्हणा! पण निदान चहाचा कप खाली ठेवून हसा.

मुरबाडला खोकी बनवायच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून रुजू झाले. हाताखाली अकरा बायका. मी साताऱ्याची, इथं ओळखीचं काळं कुत्रंही नाही. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत मी कुकरशी बोलायचे. खोटं नाही सांगत! तो निदान शिट्टी तरी द्यायचा.

कारखान्यात त्याहून वाईट. जेवणाच्या सुट्टीत बायका शेडमागं खिदळत असायच्या. मी गेले की सगळ्या चिडीचूप. मग मी आपली टेबलापाशी, भिंतीकडं तोंड करून एकटीच जेवायचे.

तेवढ्यात कंपनीनं ट्रेनिंगला धाडलं. तिथले सर म्हणाले, "चांगला लीडर रोज प्रत्येकाची आपुलकीनं चौकशी करतो." झालं! पण विचारायचं काय? मला एकच सुचलं.

"मावशी, डब्यात काय आज? कशी केली भाजी?"

रोज. अकराही जणींना. त्या सांगायच्या, मी मान डोलवायचे आणि मनात पुढचीचं नाव आठवत असायचे.

आणि आठवड्याभरात चमत्कार! माझ्या टेबलावर झाकलेली वाटी. दुसऱ्या दिवशी नाचणीची भाकरी, वर ठेचा. मग रोजच काहीतरी. मी हवेत! थेट मोठ्या साहेबांना फोन, "सर, टीम अशी बांधलीय म्हणून सांगू!"

साहेब बघायलाच आले. बायकांत सगळ्यांत मोठ्या हिराबाई, वैशाखऱ्याहून येणाऱ्या. साहेबांनी त्यांनाच गाठलं, "मॅडम कशा आहेत?"

"बिचारी गरीब हाय. सैपाक येत नाय तिला. रोज इचारते, कसा केला, कसा केला. म्हनून आमी पाळी लावलीय, कुनी कवा द्यायचा त्याची."

साहेब खोकत बाहेर गेले. खोकला नव्हता तो, कळतं हो मला!

"मावशी, येतो मला स्वयंपाक!" मी कळवळले.

"मंग रोज कशाला इचारता?"

ट्रेनिंगचं सांगणार होते. तोंडातून भलतंच गेलं.

"बोलायला कोणी नाही हो मला इथं."

हिराबाईंनी पदराला हात पुसले. "मंग तसा सांगायचा ना, बाय. उद्या ये, आमच्यात बस."

आता रिकाम्या हातानं कशी जाऊ? बाजारात शेवळांच्या जुड्या आलेल्या. या रानभाजीवर इथल्या बायकांचा भारी जीव. पहाटे उठून पातेलंभर केली!

शेडमागं हिराबाईंनी सरकून जागा दिली. किती महिन्यांनी कुणाच्या तरी शेजारी बसून जेवत होते! घास घशातून उतरेना. मला वाटलं, आनंदानं.

कसला आनंद! घसा खाजायला लागला. आधी माझा, मग एकेकीचा.

"काकडं घातलीस ना गो?" हिराबाई ओरडल्या.

"काकडी?"

"काकडं! आंबट फळं! त्याबिगर शेवळं खाजरी लागतात!"

अकरा बायका आणि बारावी मी, सगळ्या नळावर गुळण्या करत उभ्या. हिराबाई चूळ टाकून माझ्याकडं वळल्या.

"परवाच तर सांगितला तुला, काकडं घाल म्हनून. नुसती इचारत व्हतीस, ऐकत नव्हतीस व्हय गो?"

मी आपली आणखी एक चूळ भरली.