नसलेल्या ताण्याला वळसा

छत्तीस हात रिकाम्या जागेवर जीव टाकणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच होता, आणि ते म्हणजे माझे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. हे वाक्य मी जरा धीर करून लिहितो आहे, कारण सारं नागपूर काही मी पाहिलेलं नाही. कॉलेजचा रस्ता, लायब्ररी आणि एसटी स्टँड एवढंच मला नीट माहीत आहे. पण मोठेबाबांना पाहिल्यावर असा दुसरा माणूस शोधायला जावं असं कधी वाटलं नाही. आमचं घर विणकरांच्या वस्तीतलं, कौलारू. पुढे ओसरी, ओसरीत जमिनीत खोदलेला मागाचा खड्डा, आणि घराच्या कडेने पट्टीसारखं लांबलचक अंगण. अंगणाच्या दोन्ही टोकांना जमिनीत ठोकलेल्या जाड खुंट्या. लुगड्यांच्या जोडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, या दोन खुंट्यांमध्ये कमरेइतक्या उंचीवर ताणायचा, त्याला खळ लावायची, कुंचा फिरवून उन्हात वाळवायचा आणि मग मागावर चढवायचा. त्यासाठी आमच्या पणजोबांनी हे अंगण छत्तीस हात लांब ठेवलं होतं. घर ताण्याच्या या बाजूला, विहीर त्या बाजूला. ताणा लागलेला असला की विहिरीवर जायला खुंटीला वळसा घालून जावं लागे. यात काही विशेष नाही, सगळ्या विणकरांच्या घरी हेच. विशेष हे, की मोठेबाबांच्या अंगणात सात वर्षांपासून ताणा लागलेला नव्हता, तरी वळसा चालूच होता.

मी बी.ए.ला प्रवेश घेऊन उमरेडहून त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे पहिल्या दिवशी उशीर होऊ नये म्हणून पहाटेच उठलो, बादली घेतली आणि सरळ अंगण ओलांडून विहिरीकडे निघालो. ओसरीवरून आवाज आला, "अबे, अबे, अबे! तोडला ना ताणा!" मी दचकून खाली पाहिलं. खाली माती होती. समोर पाहिलं, हवा होती. मोठेबाबा कपाळाला हात लावून बसले होते. "कॉलेजात चालला म्हणते, अन् एवढा ताणा दिसत नाही का गा तुले?"  मी तसाच उलट्या पावली मागे आलो आणि खुंटीला वळसा घालून गेलो. ते म्हणाले, "हां. असं." त्या दिवसापासून मीही वळसा घालू लागलो. दूधवाला घाली. पोस्टमन घाली. वस्तीतली कुत्रीसुद्धा घालत, असं मी सांगितलं तर कॉलेजातले मित्र हसतात, पण एक काळं कुत्रं खरंच खुंटीपाशी येऊन वळत असे.

माणसाची ओळख करून घ्यायची त्यांची पद्धतही वेगळी होती. नाव-गाव नंतर. आधी ते समोरच्याच्या सदऱ्याची कड अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळत. एकदा आमचे मराठीचे सर मला पुस्तक द्यायला घरी आले. मी खुर्ची शोधतो आहे, तोवर मोठेबाबांनी सरांच्या टेरीलिनच्या शर्टाची बाही धरली होती. चांगली दोन मिनिटं चोळली. सर बिचारे हात पुढे करून उभे. मग मोठेबाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "माणूस चांगला हाय. कापड मात्र खोटं बोलून राहिलं." सर इतके हसले की पुढच्या वेळी मुद्दाम खादीचा सदरा घालून आले. मोठेबाबांनी तो चोळला आणि म्हणाले, "आता बसा."

माग बंद पडला होता, पण त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. सपाट जमिनीवर बसलं की डोकं फिरतं, म्हणत. त्यांच्या समोरच्या बाजूला मीही तसाच पाय सोडून परीक्षेचा अभ्यास करायचो. वैशाखात साऱ्या शहराची भट्टी होते, पण त्या खड्ड्यात पायांना गारवा असे. मी वाचायचो आणि ते ऐकायचे. मध्येच विचारायचे, "हे जे तू वाचून राहिला, ते किती हात असन?" मी म्हणायचो, "अडीचशे पानं." ते बोटांवर काहीतरी हिशेब करायचे आणि म्हणायचे, "तीन लुगडे. होऊन जाईन दिवाळीपावतर."

आठ महिन्यांनी माझे आई-बाबाही आले. बाबांचा उमरेडचा माग बसला होता. त्यांना हिंगण्याला कारखान्यात काम मिळालं, कंपनीची बस चौकातून न्यायची. मोठेबाबांना आपला धाकटा भाऊ परत घरी आला याचा आनंद झाला असावा, पण ते म्हणाले एवढंच, "भोंगा वाजला का उठते, भोंगा वाजला का बसते. माणूस होय का बकरी?" बाबा हसून बसकडे पळाले, अर्थात वळसा घालून.

आई येताना एसटीत एक मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, फांदी घेऊन आली होती. मनगटाएवढी जाड, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. उमरेडला आमच्या दारात मुनगा होता, तिने स्वतः लावलेला. वीस वर्षांचं घर सोडताना ती रडली नाही. फक्त ती फांदी तोडून घेतली आणि वाटभर मांडीवर धरून बसली. मी तिला स्टँडवर घ्यायला गेलो, तर माझ्याकडे ट्रंक दिली, पिशव्या दिल्या, फांदी दिली नाही. "ही लागली ना, का मले करमन इथं," ती म्हणाली. "नाही लागली तं मंग काय माहीत."

आता अडचण अशी होती, की ऊन फक्त अंगणाच्या मधोमध येत असे. एका कडेला शेजाऱ्याच्या नव्या माडीची सावली, दुसऱ्या कडेला विहिरीची फरशी. मुनग्याला जागा एकच, ताण्याच्या रेषेवर.

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बाईने तोंडाने बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. लग्नापासून आई मोठेबाबांशी एक शब्द बोललेली नव्हती, तेही तिच्याशी बोललेले नव्हते. पण एका घरात राहायचं म्हणजे बोलावं तर लागतंच. मग मी असलो तर माझ्याकडे पाहून, मी कॉलेजात असलो तर जे समोर असेल त्याच्याकडे पाहून दोघं बोलत. एकदा मी लवकर घरी आलो, तर आई विहिरीच्या चाकाला सांगत होती, "चहा थंडा होऊन राहिला म्हणावं." ओसरीवर मोठेबाबा भिंतीला म्हणाले, "होऊ दे म्हणा. साखर कुठं हाय त्यात?" आई चाकाला म्हणाली, "डॉक्टरनं नाही म्हटलं." मोठेबाबा भिंतीला म्हणाले, "डॉक्टरच्या सदऱ्याचं कापड पाहिलं मी. त्याचं काय ऐकता?" चाक आणि भिंत दोघंही गप्प होती. मी दारात उभा राहून इतका हसलो, की दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदमच माझ्यावर ओरडले.

फांदी बादलीत उभी करून ठेवली होती. चौथ्या दिवशी आईने बादलीला विचारलं, "हिले जागा कुठं भेटन?"  आठव्या दिवशी पुन्हा विचारलं. मोठेबाबा भिंतीला म्हणाले, "तिथं ताणा असते." एवढंच. बाराव्या दिवशी फांदीला हिरवे टिपके फुटले. आई खूश होईल असं मला वाटलं, पण ती घाबरली. म्हणाली, "पाण्यात फुटली तं माती नाही धरत. हा तिचा शेवटचा जोर हाय." त्या रात्री ती जेवली नाही. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा ना मोठेबाबांना. बाबा म्हणाले, "त्या अंगणाचं मी काही सांगू शकत नाही गा. पलीकडच्या खुंटीपाशी वहिनी उभी राहे." मग मला कळलं. ताणा एकट्याने लागत नाही. एका टोकाला मोठेबाबा असत, दुसऱ्या टोकाला मोठ्याई, त्यांची बायको. सात वर्षांपूर्वी लुगड्यांच्या जोडीचं सूत तयार होतं, सकाळी ताणा लावायचा होता, आणि त्याच सकाळी मोठ्याई अंथरुणावरून उठली नाही.

ते सूत आईला सापडलं, माळा झाडताना, एका पत्र्याच्या पेटीत. जांभळं, काठाला पिवळं. तिने ते खाली आणलं, उलगडलं नाही, फक्त हात फिरवला. मग फांदीच्या बादलीजवळ जाऊन हळू म्हणाली, "सुताले दमट लागलं. आणखी एक पावसाळा गेला तं सडन. म्हणा त्यायले." त्या दिवशी मोठेबाबांनी चहा घेतला नाही. खड्ड्यात पाय सोडून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. उठताना भिंतीला म्हणाले, "उद्या ताणा टाकाचा हाय. त्या टोकाले माणूस लागन."

मी कॉलेज बुडवून उभा राहिलो. पलीकडच्या खुंटीपाशी दोर धरायचा, ते म्हणतील तसा ओढायचा, म्हणतील तशी ढील द्यायची. काम सोपं दिसत होतं. पहिल्याच ओढीत मी अकरा धागे तोडले. मोठेबाबा एकेक धागा जोडत आले. दुसऱ्या वेळी नऊ तोडले. तेव्हा म्हणाले, "तुझे हात पेन धराचे झाले, बेटा. तुझी चूक नाही." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ऊन चढत होतं, खळ वाळत होती. धागे सरळ होण्याआधी वाळली की ताणा गेला. मोठेबाबा इकडे-तिकडे पाहत उभे होते, आणि इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आईने लुगड्याचा पदर खोचला, डोक्यावरचा पुढे ओढला, आणि विहिरीकडून येऊन माझ्या हातातला दोर घेतला. विणकराचीच पोर ती. दोर तिच्या हातात गेला तसा सारा ताणा सरळ झाला.

आता छत्तीस हातांवरून बोलायचं कसं? मी मध्ये उभा राहून म्हटलं, मी सांगतो इकडून तिकडे. मोठेबाबा म्हणाले, "हिले म्हण, ताण." मी म्हटलं, "आई, ताण." तोवर उशीर झाला आणि एक धागा तुटला. पुन्हा तेच झालं, दोन तुटले. तिसऱ्या वेळी वाऱ्याची झुळूक आली, ताणा एका बाजूला झुकला, आणि मोठेबाबा मला विसरले, भिंतीला विसरले, रीत विसरले.

"ढील दे, माय!"

आई ओरडली, "देली! तुमी धरा!"

मग दोन तास त्या अंगणात ताण, ढील, धरा, थांब, एवढेच शब्द इकडून तिकडे जात होते. एकही धागा तुटला नाही. मी नुसता कुंचा फिरवत होतो. ताणा वाळला. आई पदर सावरून आत गेली आणि चुलीला म्हणाली, "जेवाले बसा म्हणावं."

जोडी विणायला मोठेबाबांना महिना लागला. एक लुगडं त्यांनी ओसरीवर ठेवलं आणि भिंतीला म्हणाले, "घरच्या लक्ष्मीचं हाय." दुसरं पेटीत परत ठेवलं. पण त्याआधी, ताणा उतरवला त्याच संध्याकाळी, ते सब्बल, म्हणजे पहार, घेऊन अंगणात आले. दोन्ही खुंट्यांपासून अठरा-अठरा हात मोजले आणि बरोबर मधोमध खड्डा खणला. आई फांदी घेऊन उंबरठ्यातच थांबली होती. मोठेबाबा खड्ड्याला म्हणाले, "या रेषेवर आता ताणा होणं नाही. लावा म्हणा." फांदी लावून झाल्यावर ते हात धुवायला विहिरीकडे निघाले. सरळ. ताण्याच्या रेषेपाशी पोचले तेव्हा सवयीने थांबले, एक पाय जरा उंच उचलला आणि मग पलीकडे टाकला. आम्ही बाकीचे मात्र वळसाच घालत राहिलो.

त्यानंतर चाक आणि भिंत सुटली. दोघं मुनग्याशी बोलू लागले. मुनगा दोन वर्षांत कौलापर्यंत गेला. शेंगा इतक्या लागत, की मोठेबाबा येणाऱ्याच्या सदऱ्याची कड चोळून मग ठरवत, याला किती द्यायच्या. टेरीलिनला दोन, सुतीला चार.

मागच्या थंडीत ते गेले. मी आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सर म्हणतात, जे पाहिलं ते लिही, म्हणून हे लिहितो आहे. नीट जमलं की नाही ठाऊक नाही. परवा सकाळी मी विहिरीवर निघालो होतो. आई ते जांभळं लुगडं नेसून मुनग्याखाली झाडत होती. वर पाहून ती म्हणाली, "शेंगा जून होऊन राहिल्या. उतरवा लागते, म्हणावं." आणि केरसुणी तशीच हातात धरून, ओसरीकडे न पाहता, ती थांबली. उत्तर यायला जेवढा वेळ लागत असे, तेवढा वेळ.

मी खुंटीपाशीच उभा राहिलो. मग म्हटलं, "सांगतो."

ती झाडू लागली. मी वळसा घालून पाणी आणायला गेलो.