दुसरा प्याला

"पाळकसाहेब, दुसरा प्याला आहे का?"

पंचबाईंनी एवढंच विचारलं. हळू नाही. अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं.

प्रभुभोजन चाललं होतं. एकाच प्याल्यातून सगळ्यांनी द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. प्याल्यातला घोट माझ्या आईने नुकताच घेतला होता. तिच्या शेजारी गुडघे टेकून पंचबाई. चर्चच्या पंचांची बायको. पाळकांनी प्याल्याची कड रुमालाने पुसली, पुढे केली. बाईंनी तोंड वळवलं. पाळक निमूट आत गेले आणि दुसरा प्याला घेऊन आले.

आई तशीच गुडघ्यांवर. ओठ अजून ओले.

घाटकोपरचं आमचं मराठी चर्च. मी एकोणीस वर्षांची. संपात बाबांची गिरणी सुटली, तेव्हापासून ते चर्च झाडायचे, घंटा वाजवायचे. आमचे लोक मागच्या बाकांवर बसायचे. प्रभुभोजनाला सगळ्यांत शेवटी जायचे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पाळला मात्र कडक जायचा. त्या रविवारी आईच्या अंगात ताप होता. लवकर घरी न्यावं म्हणून मीच तिला पहिल्या रांगेत नेलं.

पंचबाईंचे आजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले. माझे आजोबा नगरकडचे महार, तेही ख्रिस्ती झालेले. बाप्तिस्म्याने सगळं जुनं धुतलं जातं, असं आम्हाला शब्बाथशाळेत शिकवलेलं. आमचं धुतलं गेलंच नव्हतं.

घरी आल्यावर बाबा माझ्यावरच ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं पुढे मरायला? प्रभूने नम्र राहायला सांगितलंय आपल्याला."

"कुठे सांगितलंय, बाबा? दाखवा."

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांना आजोबांनी सांगितलेलं, आजोबांना कुण्या पाळकाने. माझी मलाच लाज वाटली. पण प्रश्न काही जाईना. खरंच आहे का तसं लिहिलेलं?

मी बॉलपेनच्या कारखान्यात पॅकिंगला होते. जेवणाच्या सुट्टीत शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचे. शेजारी कुसुम डबा खायची. आमच्याच चाळीतली, बौद्ध घरातली.

"सोड ना, यार," ती म्हणायची. "आम्ही सोडले ना सगळे देव?"

"थांब गं. आधी खरं काय ते बघू तर दे."

महिनाभर वाचत होते. मग एका पानावर ती विहिरीवरची बाई आली. परक्या जमातीची. तिच्या लोकांच्या भांड्याला येशूचे लोक शिवत नसत. आणि येशूने तिच्याकडेच पाणी मागितलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण आमच्या व्यासपीठावरून दर वेळी त्या बाईने केलेले पाच नवरे मोजले जायचे. तिच्या घागरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

डोकंच सणकलं. इतकी वर्षं! तीन पिढ्या!

संध्याकाळी पाळकांच्या घरी गेले. दारातच उभं ठेवलं मला.

"प्रभूच्या नजरेत सगळे सारखेच, बाळ. पण मंडळीत फूट नको."

"फूट आहेच, साहेब. तो प्याला तुम्हीच आणलात."

"तू फार वाचायला लागलीस," ते म्हणाले आणि दार लोटलं.

पुढच्या प्रभुभोजनाला टेबलावर आधीच दोन प्याले मांडलेले. मी पुढे गेले. आई आपणहून माझ्या मागे आली. पाळकांनी आमच्यासमोर दुसरा धरला.

"मला पहिल्यातून द्या."

पलीकडून पंचबाई पुटपुटल्या, "जरा शिकल्या की डोक्यावर बसतात."

पाळकांनी तोच प्याला आईपुढे नेला. आईने ओठ घट्ट मिटून घेतले. ते पुढे सरकले. आम्ही दोघी कोरड्या तोंडाने उठलो. सगळ्यांत शेवटी बाबा आले. दुसऱ्या प्याल्यातला घोट त्यांनी घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

"आता तरी सोडशील?" दुसऱ्या दिवशी कुसुमने विचारलं.

"नाही. माझं भांडण त्यांच्याशी आहे. त्याच्याशी नाही."

तिला ते पटलं नाही. बाबा तर आठवडाभर बोललेच नाहीत. पण माझं ठरलं होतं. यापुढे स्वतः वाचल्याशिवाय कुणाचं काही मानणार नाही. पाळकाचं नाही, बापाचंही नाही. आणि येशूला या लोकांच्या हवाली करून मी निघून जाणार नाही.

पुढच्या रविवारी घंटा व्हायच्या आधीच गेले. पहिल्या बाकावर बसले, मधोमध. पंचबाई आल्या. उभ्या राहिल्या. खाकरल्या.

मी सरकले नाही.