ठासून भरलेले ड्रम

रामदासचा दिवस पहाटे चारला सुरू होई. बिबवेवाडीहून दोन बस बदलून खराडीला जायचं आणि सातला एका आयटी पार्कच्या फाटकावर उभं राहायचं, म्हणजे चारला पर्याय नव्हता. राधा चहा टाकी. बोलणं फारसं होत नसे. दोघांचीही झोप अपुरी असे.

हे त्याचं खरं काम नव्हे. तो फाउंड्रीतला मोल्डर. उभी हयात त्याने साच्यात वाळू ठासली. वाळू सैल राहिली की लोखंडाचा तापलेला रस साचा ढासळवतो, आणि माल रद्द. रद्द मालावर खडूची फुली मारून तो दाराशी ठेवत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. रामदासचा माल दाराशी कधी गेला नाही. पुढे बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि फाउंड्री बंद झाली. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. त्यात स्वेच्छा कोणाची, हे कुणी विचारलं नाही. आलेला पैसा मैत्रीच्या, म्हणजे मुलीच्या, शिक्षणात आणि लग्नात गेला. मग हे फाटक. गाडी आली की आडवा दांडा उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. "याला काम म्हणत नाहीत," तो राधाला म्हणे. पाय मात्र कामापेक्षा जास्त दुखत.

परतताना तो बागेत जाई. घराजवळच्या एका सभागृहाच्या गच्चीवर वस्तीतल्या लोकांनी ती चालवली होती, बिनपगारी. दर रविवारी तिथे शहरातली माणसं गच्चीवर भाजी कशी लावायची ते शिकायला येत. सदाशिव पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या वासंतीबाई शिकवत. त्यांचा नियम एकच होता: ड्रम आणि त्यात जाईल ते सगळं कुणीतरी टाकून दिलेलं असलं पाहिजे. रंगाचा जुना ड्रम, रसवंतीवरचं उसाचं चिपाड, पालापाचोळा, भाजीची सालं, वर मूठभर माती. विकत काही नाही.

त्या वर्षी मागची रांग भरायचं काम त्यांनी रामदासला दिलं. त्याने मन लावून केलं. महिन्याभरात त्या रांगेतली वांग्याची रोपं पिवळी पडली. पाणी वर साचून राही आणि वास येऊ लागला. वासंतीबाईंनी ड्रममध्ये काठी खुपसून पाहिली. ती वीतभरही गेली नाही.

"रामदासराव, हे कुणी भरलं?"

"मी, बाई."

"रोप लावायचं होतं. तुम्ही पुरलंत."

त्याने सांगितलं, थर द्यायचा आणि ठासायचा, थर द्यायचा आणि ठासायचा, असं भरलं. मुळांना हवा लागते, चिपाड सैल हवं, हे बाईंनी आधीच शिकवलं होतं. त्याला ते पाठ होतं. पण हाताने त्याला विचारलंच नव्हतं.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "रविवारी नवीन मंडळी येणार आहेत. हे ड्रम पुढे आणून ठेवू. कसं भरू नये, तेही दिसायला हवं."

बोलण्यात राग नव्हता. रामदासला फक्त दाराशी ठेवलेला, खडूची फुली मारलेला माल दिसला.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की तो ड्रम उपसायला बसू लागला. स्वतः ठासलेलं स्वतःच खुरप्याने खरवडून काढायचं. काळं, चिकट, जड. भरताना लागली त्याच्या दुप्पट मेहनत उपसायला लागली. पाठ धरली की कठड्याला टेकून तो थोडा वेळ उभा राही.

नवं चिपाड वाळलेलं हवं होतं. जवळच्या रसवंत्यांकडे ओलं होतं आणि रविवार तोंडावर आला होता. सुट्टीच्या दिवशी तो लोणी गावाकडे गेला. तिथल्या एका रसवंतीमागे वाळलेल्या चिपाडाचा ढीग पडला होता.

"चिपाड फुकट हाय, न्या की," रसवंतीवाला म्हणाला. "टेंपो फुकट न्हाय."

पगारातले थोडे पैसे राधाने डब्यात बाजूला ठेवले होते, त्याच्या बुटांसाठी. जुन्यांचे तळ गेले होते.

"अहो, चौदा एप्रिलच्या आत बूट घ्यायचे ठरलं होतं," ती म्हणाली.

"घेऊ."

"कधी?"

राधानेच डबा खाली काढला आणि त्याच्या हातात दिला.

पोती त्याने एकट्याने गच्चीवर चढवली. भरायला बसला तेव्हा तळवा आपोआप खाली जाऊ लागला. मग त्याने चिपाड वरून नुसतं सोडायला सुरुवात केली आणि दुसरा हात मांडीवर दाबून धरला. दाबण्यापेक्षा न दाबणं जड गेलं. शेवटचं रोप लावून झाल्यावर मूठ वळेना.

रविवारी वासंतीबाई मंडळींना घेऊन मागच्या रांगेशी आल्या. थांबल्या. बाही वर सारून त्यांनी एका ड्रमच्या कडेने हात आत घातला. तो कोपरापर्यंत गेला.

"हं," बाई म्हणाल्या आणि ड्रम होते तिथेच राहू दिले.

घोळक्यातल्या एका मुलीने खर्च किती येतो ते विचारलं. तिच्या गळ्यात खराडीच्याच एका कंपनीची ओळखपट्टी होती.

"काहीही नाही," बाई म्हणाल्या. "यातली एकही गोष्ट विकतची नाही."

रामदास झारी भरत होता. गच्चीवर सांडलेलं पाणी बुटाच्या तळातून आत आलं, मोजा भिजला. त्याने नळ बंद केला. पहाटे चारला उठून, फाटकावर उभं राहून मिळवलेल्या पगारातून आलं होतं ते एवढंच: लोकांनी रस पिऊन टाकलेलं, टेंपोभर चिपाड.